कडी लावली का?

नाशिकच्या सिडकोतलं एक घर. रात्रीचे साडेअकरा. दाराची कडी लागलेली त्याला दिसतेय, तरी तो उठतो, हात लावून बघतो, झोपतो, पुन्हा उठतो. आई म्हणते, "अरे लागलीये रे बाळा, झोप आता."

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, अशी त्याची खात्री होती, आवाजही यायचे. गोळ्यांनी ते थांबले, सातपूरला कामावर जायला लागला. मग हे कडीचं काय? आईला वाटतं, आजार उलटला. म्हणून ती बोलत नाही, आणि लाजेपोटी तोही.

हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी: नकोसा विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तीच कृती करत राहावी लागते. एरवी शंभरात दोन-तीन जणांना आयुष्यात कधीतरी होतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत मात्र साधारण १२ टक्के लोकांना तो पूर्ण आजार म्हणून असतो. थोडीफार लक्षणं तर जवळपास ३० टक्के लोकांत.

डॉक्टर एक गोष्ट खोदून विचारतात: तपासायला कुणी सांगतं, की तुलाच राहवत नाही? आवाजाच्या हुकमाने कडी तपासणं वेगळं आणि "हे उगीच आहे, पण जीव राहत नाही" हे वेगळं. उत्तर दरवेळी इतकं स्वच्छ येत नाही. मंत्रचळात सारखं हात धुणं असेल, तर ओळखणं आणखी अवघड. रोज पहाटे रामकुंडावर स्नान करणाऱ्याला कोण आजारी म्हणेल? सोवळं पाळणाऱ्या घरात नातवाचं तासभर हात धुणं आजीला कौतुकाचंच वाटतं.

कधी कारण गोळीतच असतं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर क्लोझापिन देतात. त्याने काहींना मंत्रचळ नव्याने लागतो, काहींचा वाढतो. पण म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. एकदम तोडली तर मूळ आजार जोरात उसळू शकतो. डॉक्टर डोस कमी करून बघतात, सोबत अरिपिप्राझोल हे स्किझोफ्रेनियावरचंच दुसरं औषध देतात, किंवा मंत्रचळावरचं औषध. त्यातलं फ्लुवोक्सामिन क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पट वाढवतं. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या घरात असतील, तर दोन्ही दोघांना दाखवा. आणि सिगारेट सोडणार असाल तर तेही सांगा. ती सुटली की क्लोझापिन रक्तात वाढतं.

कडी न तपासता बेचैनी सहन करायचा सराव थेरपिस्ट करून घेतात, पण आवाज शांत असताना. घाई नको.

कुणाशी बोलावं सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मराठीतच बोला.