आधी फर्मेंटरकडे पाहा

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जैवऊर्जा, कार्बन आणि जमीन’. जमिनीकडे मी येणारच आहे. पण त्याआधी तुम्हाला एका टाकीपाशी न्यायचंय: फर्मेंटर, म्हणजे यीस्ट साखर आंबवून इथेनॉल हे मद्यार्क-इंधन बनवतं ती टाकी. या विषयावर बोलणारी बहुतेक मंडळी थेट लाकूड जाळण्यावर येतात आणि ती टाकी राहूनच जाते.

मूळ कल्पना तुम्हाला ठाऊक आहे. वनस्पतीनं हवेतून घेतलेला कार्बन इंधन म्हणून वापरायचा, निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पकडायचा आणि खोल जमिनीत गाडायचा. कोळशाच्या धुराड्याला हीच यंत्रणा लावली, तर फार तर नवी भर थांबते. इथे हवेत आधीच असलेला साठा घटतो.

आता टाकी. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे सहा अणू. यीस्ट त्यातले चार इथेनॉलमध्ये ठेवतं आणि दोन कार्बन डायऑक्साइडच्या रूपानं सोडतं. वजनात सांगायचं तर १८० किलो ग्लुकोजमधून ९२ किलो इथेनॉल आणि ८८ किलो वायू, म्हणजे जवळजवळ निम्मं! वर येणारे ते बुडबुडे जवळपास शुद्ध असतात. वायू वाळवा, दाबा आणि पाठवा. लाकूड जाळणाऱ्या धुराड्यात मात्र तो साधारण १०-१५ टक्केच असतो, बाकी बराचसा नायट्रोजन. तिथे तो अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणात शोषून घ्यायचा आणि मग ते द्रावण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून सोडवायचा. वीजकेंद्राची कितीतरी वाफ त्यातच जाते. वेगळं काढण्याचं हे सगळं काम यीस्ट फुकटात करून देतं, ना पगार मागतं ना सुट्टी! आणि तरी बहुतेक ठिकाणी आपण तो वायू हवेत सोडून देतो. याचा मला मनापासून राग येतो.

हे करून दाखवलंय अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, डिकेटरला. मक्यापासून इथेनॉल करताना निघालेला सुमारे १० लाख टन वायू २०११ ते २०१४ या काळात तिथे जमिनीखाली सोडला. खोली दोन किलोमीटरहून जास्त, खडक माउंट सायमन वालुकाश्म, वर शेल या घट्ट मातकट खडकाचं जाड झाकण. तेवढ्या दाबाखाली हा वायू द्रवासारखा दाट होतो आणि खडकाच्या छिद्रांतलं खारं पाणी बाजूला सारून तिथे बसतो. २०१७ पासून काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. मग २०२४ मध्ये गळती उघड झाली, तीही देखरेखीसाठी खोदलेल्या विहिरीत, आणि काम थांबवावं लागलं. कुणी हे उदाहरण दिलं तर ते झटकून टाकू नका. विहिरी म्हणजे झाकणाला आपणच पाडलेली भोकं. त्यांची काळजी पिढ्यान्‌पिढ्या घ्यावी लागणार आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर जमीन.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या २०१४ च्या अहवालात तापमानवाढ २ अंशांखाली ठेवणारे बहुतेक आराखडे याच तंत्रावर विसंबून होते. या मार्गानं वर्षाला साधारण १२ अब्ज टन वायू काढायचा, तर ३८ ते ७० कोटी हेक्टर जमीन लागेल, असा एक अंदाज आहे. एवढ्या जमिनीवर आज कुणाचं तरी धान्य आहे, कुणाची गुरं, कुठे जंगल.

दुसरं, झाड आज जाळलं तरी त्याच्या जागी तेवढं झाड उभं राहायला दशकं लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाकडातला कार्बन तोड झाली तिथल्या जमीन-खात्यात धरतात आणि धुराड्यापाशी शून्य लिहितात. तोडीचा हिशेब ढिला असेल, तर ते टन दोन्ही खात्यांतून गायब! अमेरिकेच्या दक्षिणेतले पेलेट, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या कांड्या, इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या ड्रॅक्स वीजकेंद्रात जळतात, त्यावरचा वाद हाच आहे. मक्यालाही खत, डिझेल आणि कारखान्याची उष्णता लागते; तेही वजा करायलाच हवं.

म्हणून माझा क्रम असा. आधी फर्मेंटर आणि बायोगॅसची शुद्धीकरण केंद्रं, कारण तिथेही हा वायू वेगळा काढावाच लागतो. मग उरलासुरला पाला, फांद्या, भुसा जाळणारी केंद्रं. स्टॉकहोमनं २०२५ मध्ये अशाच एका केंद्रातून वर्षाला ८ लाख टन पकडून नॉर्वेच्या समुद्रतळाखाली साठवायचा निर्णय घेतला. मुद्दाम लावलेली इंधनपिकं सगळ्यात शेवटी. आणि त्या पिकांच्या नावावर एक टनही जमा करण्याआधी ती जमीन कुणाची होती, तिच्यावर काय उगवत होतं आणि ते आता कुठे उगवणार, हे लेखी मागा.