नंदाखालचं चर्च

(दृश्य : केळीच्या वाडीतून जाणारा अरुंद रस्ता)

विरार स्टेशनातून पश्चिमेला निघालं की इमारती बराच वेळ पाठ सोडत नाहीत. मग केळीच्या वाड्या दिसू लागतात, आणि त्या वाड्यांत नंदाखाल. गावचं पवित्र आत्म्याचं चर्च मूळचं सोळाव्या शतकातलं. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यांच्यामागोमाग मिशनरी या पट्ट्यात आले.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. फिरंगी गेले. वसईच्या चर्चमधल्या घंटाही गेल्या. आपण ज्या ‘नारोशंकराच्या घंटे’च्या म्हणी ऐकतो, ती नाशिकची घंटा वसईचीच. गावकरी मात्र कुठे जाणार? शेती इथं, विहिरी इथं. ते राहिले, आणि त्यांच्यासोबत त्यांचं चर्चही.

(दृश्य : मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, सुटल्यावर आवारात जमलेली माणसं)

आडनावं पाहाल तर डाबरे, लोपीस, डिमेलो. घरात बोलणं मात्र सामवेदी बोलीत, म्हणजे कादोडीत. आजही एखादी आजी लाल लुगडं नेसून मिस्सेला येते. ‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’ असं कौतुक करणारे पाहुणे इथल्या लोकांना अजून भेटतात. काय उत्तर द्यायचं त्यांना?

मिस्सा मात्र शतकानुशतकं लॅटिनमध्ये होती. फादर वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत, बायाबापड्या आपली रोजरीची माळ ओढत बसत. १९६२ ते ६५ दरम्यान कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली आणि वेदीवर मराठी आली. पेटी-तबल्यावर गीतं आली. वसईच्या ख्रिस्ती समाजात कीर्तनंही होऊ लागली.

याच गावात १९४२ मध्ये फ्रान्सिस दिब्रिटो जन्मले. पुढे ते धर्मगुरू झाले, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले, ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईची हिरवाई बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, तिच्याही पुढे हेच फादर. प्रवचन देणारा माणूस रस्त्यावर का उतरला? वाडी गेली तर चर्चच्या बाकावर बसणारं गावच उरत नाही, एवढं साधं कारण आम्हाला दिसतं. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. अंत्यविधी याच चर्चमध्ये झाला.

(दृश्य : उन्हात मांडलेली सोललेली केळी)

चर्चचा सण ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी, पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला. वाडीचं पंचांग मात्र वेगळं. पावसाळा सरला की सुकेळी घालायची. पिकलेली राजेळी केळी सोलायची, दिवसा उन्हात ठेवायची, दव पडायच्या आत झाकायची. काही दिवसांत ती मधासारखी तांबूस होतात, की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची.

कार्तिक वद्य एकादशीला शेजारच्या निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीची यात्रा सुरू होते. सुकेळ्यांचं खरं गिऱ्हाईक तिथंच. ख्रिस्ती वाडीतला माल देवळाच्या यात्रेत, आणि भावावरून घासाघीस मात्र दोन्हीकडून सारखीच!