गरोदरपणात टीएसएच थोडा वाढला तर

नमस्कार श्रोतेहो.

तिसऱ्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट येतो, त्यात टीएसएच ५.२ असं ठळक छापलेलं असतं, आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. 'बाळ मंद होईल हो,' असं कुणीतरी बोलून जातं. त्या बाईच्या जिवाला मग नऊ महिने घोर. म्हणून आज याच आकड्याबद्दल बोलणार आहे.

टीएसएच हे थायरॉइडला काम वाढवायला सांगणारं संप्रेरक. ग्रंथी मागे पडू लागली की ते वाढतं. टीएसएच थोडा जास्त, पण फ्री टी-फोर, म्हणजे ग्रंथीने बनवलेलं रक्तातलं मोकळं संप्रेरक, गरोदरपणातल्या मर्यादेत, याला सौम्य कमतरता म्हणतात. पहिले बारा आठवडे बाळाची स्वतःची ग्रंथी जवळपास काहीच करत नसते. त्याला लागणारं संप्रेरक आईकडूनच जातं. म्हणून तपासणी लवकर व्हायला हवी.

किती म्हणजे जास्त? पूर्वी पहिल्या तिमाहीत २.५ च्या वर गेलं की थायरॉइड संप्रेरकाची गोळी सुरू होई. २०१७ मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने ही मर्यादा, स्थानिक आकडे नसतील तर, साधारण ४ केली. दोन डॉक्टरांचे दोन सल्ले मिळतात ते यामुळेच. अशा वेळी अँटी-टीपीओ, म्हणजे शरीराने आपल्याच थायरॉइडविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं बघणारी तपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आणि टीएसएच मर्यादेबाहेर असेल, तर गोळी घ्यावी. टीएसएच १० च्या वर असेल, तर अँटी-टीपीओ काहीही असो, गोळी हवीच. मधल्या बायकांसाठी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

आणि बुद्धीची भीती? २०१७ मध्येच अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सौम्य कमतरतेच्या निम्म्या बायकांना सतराव्या आठवड्याच्या आसपास गोळी सुरू केली, निम्म्यांना नाही. पाच वर्षांची झाल्यावर दोन्हीकडच्या मुलांच्या बुद्ध्यांकात ठळक फरक दिसला नाही. गोळी उशिरा सुरू झाली, हा त्यावरचा आक्षेप मला पटतो. तरीही एवढ्याशा आकड्यावरून आईला घाबरवायला काही आधार नाही, हे मी ठामपणे सांगते.

खरी गफलत गोळी घेण्यात होते. आशाताई लोहाची लाल गोळी देतात, सोबत कॅल्शियमची. सगळ्या गोळ्या एकाच डबीत जातात आणि सकाळी चहाबरोबर एकदमच घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडची गोळी पोटात धरून ठेवतात, ती रक्तात नीट उतरतच नाही. मग टीएसएच खाली येत नाही आणि डोस वाढवला जातो. म्हणून ही गोळी उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने. लोह आणि कॅल्शियम किमान चार तासांनी, तीही एकमेकींपासून वेगळी. सकाळी उलट्या होत असतील तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते, फक्त त्या वेळी दुसरी गोळी नको.

दिवस राहण्याआधीपासून गोळी चालू असेल, तर पाळी चुकताच डॉक्टरांना कळवा. डोस बहुधा वाढवावा लागतो. साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच बघायचा, पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा.

बाळंतपणानंतर डोस कमी होतो. गरोदरपणातच सुरू झालेली लहान डोसाची गोळी कित्येकदा बंदही करता येते, पण डॉक्टरांना विचारून, आणि सहा आठवड्यांनी तपासणी करून. तोवर चालू असली तरी अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.

नमस्कार.