गळ्याशी

(दृश्य: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं कौलारू घर. गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, माटोळी, बांधणं चालू. सगळ्यांच्या माना वर.)

उद्या चवथ. या घरात सकाळपासून सगळे मान वर करून उभे आहेत. सुपारीचा घड, नारळ, तोरिंग, कवंडाळं... एकेक जिन्नस केवणीच्या सालीनं चौकटीला बांधला जातोय. शिडीवर ज्या दिसताहेत त्या प्राथमिक शाळेत शिकवतात. नाव घेऊ नका म्हणाल्या, म्हणून आपणही त्यांना नुसतं बाई म्हणू.

तीन वर्षांपूर्वी अशीच मान ताणून त्या माटोळी बांधत होत्या. खालून जिन्नस देणाऱ्या थोरल्या जावेनं विचारलं, "गो, तुज्या गळ्याक कितें जालां?" बाईंनी आवंढा गिळला. कंठाच्या उजव्या अंगाला सुपारीएवढी गाठ वर सरकली आणि परत खाली आली.

दुखत काहीच नव्हतं. त्यामुळेच आठ महिने गेले.

(दृश्य: आरसा, पाण्याचा पेला.)

हे तुम्हालाही करून बघता येईल. हनुवटी जरा वर करायची, घोट घ्यायचा आणि कंठमण्याच्या खाली नजर ठेवायची. फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी तिथं श्वासनळीला बिलगून असते. गिळताना ती वर-खाली होते, आणि तिच्यातली गाठही तिच्याबरोबर. गाठ दिसली म्हणून लगेच हातपाय गाळायचे नाहीत. अशा शंभरांतल्या नव्वदहून जास्त गाठी साध्या निघतात. पण आपली कुठली, हे चाचपून कळत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतूनही कळत नाही.

यावर जरा थांबू. गावातल्या एका दवाखान्यात बाईंचं टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक) तपासलं, आकडा चोख आला, आणि ‘थायरॉइड नॉर्मल’ म्हणून त्यांना घरी पाठवलं. ग्रंथी किती काम करते, एवढंच टीएसएच सांगतं. आत काय वाढतंय याचा त्याला पत्ता नसतो. थायरॉइडचा कर्करोग असलेल्या बहुतेकांचं टीएसएच नॉर्मलच येतं. गाठीचा छडा लावायला गळ्याची सोनोग्राफी लागते, आणि तिच्यात संशय आला तर बारीक सुईनं पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. सुईचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. बाईंच्या बाबतीत ते झालं मानेच्या बाजूला दुसरी गाठ हाताला लागल्यावर.

(दृश्य: अहवालाची फाइल, पान उलटणारी बोटं.)

अहवालात शब्द होता, पॅपिलरी. थायरॉइडच्या दहा कर्करोगांतले साधारण आठ या जातीचे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जवळपास तिप्पट. तो सावकाश वाढतो आणि उपचारांना दाद देतो. इतकी की रुग्ण ५५ वर्षांच्या आतला असेल तर रोग फुप्फुसापर्यंत गेला तरी डॉक्टर त्याला दुसऱ्या टप्प्याच्या पुढे मोजत नाहीत. साहजिकच भेटायला आलेला प्रत्येक जण बाईंना म्हणाला, "चांगला कॅन्सर आहे, काही होत नाही."

म्हणणाऱ्यांच्या मनात काळजीच होती. पण कॅन्सर ‘चांगला’ ठरला की तारखा पुढे जायला लागतात. आधी लग्नसराई, मग पाऊस, मग चवथ. बाईंची शस्त्रक्रियेची पहिली तारीख अशीच गेली, कारण जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. एक सेंटिमीटरहून लहान गाठ काही वेळा नुसती नजरेखाली ठेवतात, हे खरं. मात्र ते सोनोग्राफी बघून डॉक्टरांनी ठरवायचं असतं. पाहुण्यांनी चहा पिता पिता ठरवायचं नसतं.

(दृश्य: मोबाइलमधला फोटो. गळ्यावर आडवी पट्टी.)

शस्त्रक्रियेचं चित्रण आमच्याकडे नाही, हा फोटो आहे. ग्रंथी काढताना खरी कसोटी तिच्या शेजाऱ्यांना सांभाळण्याची असते. मागून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या दोन नसा असतात. त्या दुखावल्या की आवाज जातो किंवा घोगरा होतो, आणि शिक्षिकेचं पोट आवाजावर. शिवाय डाळीच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी. रक्तातलं कॅल्शियम त्यांच्या हातात. त्या काही दिवस जरी रुसल्या तरी ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात पेला ठरेना. ‘डॉक्टर, तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?’ हा प्रश्न म्हणूनच उद्धट नाही. खुशाल विचारावा.

(दृश्य: पेडण्यातला आगरवाडा. मिठागर, दुपारचं ऊन.)

आता मिठाकडे येऊ. हे एप्रिलमधलं चित्रण आहे. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवत नेतात. शेवटच्या वाफ्यात पांढरी साय धरते, मग फळीनं ओढून तिचे ढीग लावतात. पाय बघा, घोट्यापर्यंत पांढरे.

गळ्याच्या गोष्टीत मिठागर येतं ते आयोडिनमुळे. थायरॉइडचं संप्रेरक बनायला आयोडिन लागतं, आणि रक्तातलं आयोडिन ओढून साठवून ठेवणारी मुख्य ग्रंथी हीच. गंमत अशी की समुद्रात आयोडिन असलं तरी आटवलेल्या मिठात ते फारसं उरत नाही, वरून घालावं लागतं. गलगंड रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९६२मध्ये सुरू झाला तो याच वाटेनं. (गलगंड म्हणजे आयोडिन कमी पडून ग्रंथी फुगणं, कर्करोग नव्हे. ही गल्लत चित्रीकरणात आम्हाला दोनदा ऐकू आली.)

ग्रंथीची ही आयोडिनची भूक उपचाराच्या कामी येते. शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या थायरॉइडच्या पेशी मानेत असोत की फुप्फुसात, आयोडिन आलं की ओढून घेतात. मग त्यांना किरणोत्सारी आयोडिनच द्यायचं, आयोडिन-१३१, म्हणजे त्या आतूनच मरतात. सगळ्यांना ते लागत नाही. बाईंच्या मानेतल्या गाठींत रोग सापडला होता, त्यांना लागलं.

पण त्याआधी पेशींना उपाशी ठेवायचं.

(दृश्य: म्हापशाचा मासळीबाजार. बांगडे, सुंगटं, तिसऱ्यो.)

दोन आठवडे यातलं काही नाही. सुकी मासळीही नाही. दूध, दही, अंड्यातलं पिवळं, पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, आयोडिनचं मीठ, सगळं बंद. "मग मिठागराचं मीठ घातलं तर?" असं बाईंच्या नवऱ्यानं विचारलं. प्रश्न शहाणपणाचा होता, तरी पथ्याच्या अनेक याद्यांत समुद्राचं मीठही वर्ज्य असतं. मीठ कुठलं ते डॉक्टरांनाच विचारायचं. बाईंनी पेज, भाजी आणि कोऱ्या चहावर दिवस काढले. तोंडी लावायला मिठातली तोरं, म्हणजे कैऱ्यासुद्धा नाहीत.

त्यात थायरॉक्सिनची गोळी, काढलेल्या ग्रंथीच्या संप्रेरकाऐवजी घ्यायची, चार आठवडे बंद. टीएसएच मुद्दाम चढू द्यायचं असतं, म्हणजे पेशी अधिक हावऱ्या होतात. चेहरा सुजला, थंडी वाजू लागली. एका सकाळी सतराचा पाढा एकशे दोनवर अडला तो अडलाच.

(दृश्य: थिवी स्थानक. संध्याकाळ. कोकणकन्या.)

तारीख मुंबईची होती. परळमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण औषध केंद्र १९६३पासून आहे, अणूचा औषधाला उपयोग करण्याचं काम आपल्या देशात तिथं रुजलं. आयोडिन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. रुग्णाच्या तारखेचा हिशेब धरून मात्रा मागवतात. तुम्ही गेला नाहीत तर ती तिथल्या तिथे विरत जाते, तुमच्या जिवाची पर्वा न करता.

(दृश्य: बंद दार. त्यावर किरणोत्साराचं पिवळं चिन्ह.)

कॅमेरा इथवरच. आत शिशाच्या डबीतून आलेली एक कॅप्सूल, एक पेला पाणी. मग काही दिवस एकटीनं राहायचं. भरपूर पाणी प्यायचं, संडासात दोनदा पाणी सोडायचं. मीटरभरावरून यंत्र धरून अंगातल्या किरणोत्साराचा आकडा बघतात, तो उतरला की सुट्टी. जाताना रेल्वे, येताना गाडी केली, कारण डब्यात शेजारी कुणाचं तान्हं असलं तर? घरी आल्यावरही धाकट्या पुतणीला काही दिवस मांडीवर घेतलं नाही.

(दृश्य: पुतणी दारात. बाई ओसरीच्या दुसऱ्या टोकाला.)

हा रोग दहा-वीस वर्षांनीही परततो, फुप्फुसात, हाडांत. कधी पेशी आयोडिन घेणंच सोडून देतात. मेड्युलरी जातीचा कर्करोग आयोडिन घेतच नाही आणि काही घराण्यांत पिढ्यांतून येतो, तेव्हा सख्ख्या नातलगांचीही तपासणी करावी लागते. ॲनाप्लास्टिक जात क्वचित, बहुधा साठीनंतर. ती आठवड्यांत वाढते.

(दृश्य: पहाट. ओसरी. गोळ्यांची बाटली.)

बाई दर सहा महिन्यांनी थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, तपासून घेतात. ग्रंथी नसताना ते रक्तात वाढायला लागलं, तर कुठंतरी पेशी उरल्यात. पुढची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिली आहे, शाळेच्या सुट्टीचा विचार न करता.

थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, आयुष्यभर. वर अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि कॅल्शियमची गोळी चार तास लांब.

पोदेराचा भोंपू वाजतोय. बाई पाव घेतात, फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि घड्याळाकडे बघतात. चहाला अजून वीस मिनिटं आहेत.