फक्त ३,००० प्रती

नमस्कार श्रोतेहो. जुन्या चित्रपटांच्या मर्यादित आवृत्त्या जमवणाऱ्यांपैकी मी एक. ब्लू-रे डिस्क, सोबत जाडजूड पुस्तिका, कडक पुठ्ठ्याची पेटी आणि पेटीवर छापलेलं असतं : फक्त ३,००० प्रती. सगळं फोनवर दिसत असताना हे विकत कशाला घ्यायचं, असं मला अनेकजण विचारतात. पेटीसाठी मी पैसे मोजत नाही. त्या डिस्कवर चित्रपटाचं कुठलं रूप आलं आहे, ते कुणी आणि कशावरून तयार केलं, त्यासाठी मोजतो.

या छंदाचं मूळ लेझरडिस्कमध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या ताटाएवढ्या चकतीमध्ये आहे. १९८४ साली अमेरिकेत ‘क्रायटेरियन’ या कंपनीने ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर आणले. ‘किंग काँग’च्या डिस्कवर आणखी एक ध्वनिपट्टी होती. तिच्यावर रोनाल्ड हेवर हे अभ्यासक चित्रपट चालू असतानाच त्याविषयी बोलत होते. आज आपण ज्याला कॉमेंटरी म्हणतो, ती तिथून सुरू झाली.

आता प्रती ३,००० इतक्याच का? मोठ्या स्टुडिओच्या कोठारात हजारो चित्रपट पडून असतात. थोडक्या प्रती खपतील असा चित्रपट स्वतः बाजारात आणणं त्यांना परवडत नाही. मग एखादी छोटी कंपनी ठरावीक मुदतीसाठी हक्क घेते आणि ठरावीक प्रती काढते. ‘ट्वायलाइट टाइम’ नावाची अमेरिकन कंपनी २०११ पासून असंच करत आली. तिच्या बहुतेक चित्रपटांच्या ३,००० प्रती निघत. २०२० मध्ये ती बंद झाली. आज ब्रिटनमधल्या ‘इंडिकेटर’ आणि ‘रेडियन्स’ या कंपन्या त्याच वाटेने चालल्या आहेत. मुदत संपली की त्यांना नवी प्रत काढता येत नाही. म्हणून ‘मर्यादित’ या शब्दाला नुसती जाहिरातबाजी म्हणून उडवून लावू नका.

डिस्कमागे केवढे कष्ट असू शकतात, हे मला कळलं ते सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीमुळे. ती मर्यादित आवृत्ती नव्हे, पण तिची हकीकत ऐकाच. राय यांना १९९२ साली सन्माननीय ऑस्कर मिळालं, त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या चित्रपटांची मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यात चित्रित झालेली फिल्म, डागडुजीसाठी लंडनला पाठवण्यात आली आणि १९९३ साली तिथल्या हेंडरसन लॅबला आग लागली. ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’, तिन्हींची निगेटिव्ह होरपळली. जळकी, आक्रसलेली, एकमेकांना चिकटलेली रिळं कुणीही फेकून दिली असती. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या फिल्म आर्काइव्हने ती जपून ठेवली. वीस वर्षांनी ‘क्रायटेरियन’ने ती इटलीत बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेकडे नेली. तिथल्या तंत्रज्ञांनी फिल्मला पुन्हा ओलावा देऊन ती मऊ केली, कडेची फाटलेली छिद्रं हातांनी सांधली, जुने डिंक आणि चिकटपट्ट्या काढल्या. जवळजवळ १,००० तासांचं हे हातकाम. त्यातून ‘पथेर पांचाली’ची सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून अधिक मूळ निगेटिव्ह वापरता आली. ‘अपूर संसार’ची मात्र कामाला येण्याजोगी उरलीच नव्हती. तो पूर्ण चित्रपट इतर संग्रहांतल्या मास्टर प्रती आणि डुप्लिकेट निगेटिव्ह यांच्यावरून उभा केला. काशफुलांतून आगगाडी बघायला धावणारी दुर्गा आणि अपू आता डिस्कवर बघताना मला त्या अनोळखी माणसांचे हात आठवल्याशिवाय राहत नाहीत.

अशा डिस्कवर काय बघावं? फिल्मचे दाणे, म्हणजे चित्रात दिसणारा तिचा बारीक रवाळपणा, शाबूत आहेत का ते बघा. सफाईच्या नादात दाणे पुसले की माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. चौकट मूळ मापाची हवी, वरून-खालून कापून आजच्या टीव्हीच्या आकारात बसवलेली नको. मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीतला, आवाज दिलेला हवा. आणि मुलाखती! छायालेखक, संकलक, ध्वनिमुद्रक यांना उतारवयात कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलेलं असतं. पुष्कळदा ती त्यांची एकमेव नोंद असते.

परदेशातून मागवणार असाल तर रीजनचं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या विभागासाठी आहे याचं, बघून घ्या. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, ब्रिटन बी आणि आपण सी विभागात येतो. पुष्कळ डिस्क आपल्या प्लेअरवर चालतच नाहीत. ब्लू-रेहून बारीक चित्र देणाऱ्या फोर-के डिस्कला हे बंधन नाही. मर्यादित प्रती संपल्या की लोक दामदुपटीने विकतात, तेव्हा घाई करू नका. हक्कांची मुदत शिल्लक असेल तर बऱ्याचदा तीच डिस्क पुढे पेटीशिवाय, साध्या आवृत्तीत निघते.

आपल्याकडे काय झालं? मोझर बेअर या कंपनीने २००७ साली २८ रुपयांत व्हीसीडी आणली आणि सिनेमा घरोघरी पोहोचला. ते मोठंच काम होतं. पण व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. ब्लू-रेत त्याच्या वीसपट ठिपके असतात. पुष्कळ जुन्या मराठी चित्रपटांची ओळख आपल्या पिढीला त्या पुसट चित्रातूनच झाली. तिकडे ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचा, साठा आगीत गेला. जे उरलं आहे त्यातलं एक तरी चित्र, मूळ निगेटिव्हवरून, पुस्तिकेसह, जाणकारांच्या बोलण्यासह मराठीत निघावं असं मला मनापासून वाटतं. अशी ३,००० प्रतींची मराठी पेटी मी अजून पाहिलेली नाही. घेणारे मिळतील, याची मला खात्री आहे.

त्याची अर्धी तयारी मात्र आजच करता येईल. आपल्या घरात, वाड्यात, सोसायटीत कुणी प्रोसेसिंग लॅबमध्ये, संकलनाच्या टेबलावर किंवा ध्वनिमुद्रणावर काम केलेलं असेल, तर त्यांच्याकडे जा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा : कुठल्या फिल्मवर चित्रण झालं? प्रिंट कुठे निघाल्या? रंग कुणी ठरवले? निगेटिव्ह शेवटची कुणाकडे होती?