न पटलेल्या माणसाची जागा

नमस्कार श्रोतेहो.

श्रद्धेवरचा सिनेमा म्हटलं की आधी आठवतात ते चमत्कार. मूर्ती हसते, आंधळ्याला दिसू लागतं. मला चमत्कारांचं वावडं नाही, पण पडद्यावर ते घडवणं तसं सोपं. कस लागतो तो श्रद्धा माणसाच्या वागण्यातून दाखवताना, आणि त्याहीपेक्षा, ज्याला ती पटलेली नाही अशा माणसाला तिच्या शेजारी मानानं उभं करताना.

व्हिक्टर ह्यूगोची १८६२ सालची कादंबरी, ‘ले मिझराब्ल’. तुरुंगातून सुटलेल्या ज्याँ व्हालज्याँला कुणी थारा देत नाही. एक बिशप त्याला जेवू घालतो, निजायला अंथरूण देतो, आणि हा रात्रीच चांदीची भांडी घेऊन पसार होतो. शिपाई त्याला धरून आणतात, तर बिशप म्हणतो, अरे, मेणबत्तीदाण्याही तुला दिल्या होत्या, त्या कशा राहिल्या? हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. पुढचा मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. त्यानंतर लगेचच व्हालज्याँ एका लहान मुलाचं नाणं पायाखाली दाबून ठेवतो. पोरगं रडतं, विनवतं, शेवटी पळून जातं. मग कुठे हा भानावर येतो आणि ढसाढसा रडतो. क्षमा मिळाल्यानंतरही माणूस एकदा घसरतो, हे ह्यूगोनं लपवलं नाही, म्हणूनच त्याचं पुढचं बदलणं मला खरं वाटतं.

रशियन लेखक दोस्तोएव्हस्कीच्या ‘ब्रदर्स करामाझव्ह’ या कादंबरीत तर एक म्हातारा धर्माधिकारी पुन्हा पृथ्वीवर आलेल्या ख्रिस्तालाच कोठडीत डांबतो आणि त्याच्यावर आरोपांची सरबत्ती करतो. ख्रिस्त एक शब्द बोलत नाही, फक्त त्याच्या ओठांचं चुंबन घेतो. म्हातारा हादरतो, कोठडीचं दार उघडतो, पण आपलं मत काही सोडत नाही. लेखक स्वतः श्रद्धावान होता, तरी सगळे बिनतोड मुद्दे त्यानं विरोधकाच्या तोंडी घातले. एवढी हिंमत फार थोड्यांकडे असते.

आणि आपल्याकडे १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत इतके विरघळून गेलेत की अभिनय कुठे सुरू होतो तेच कळत नाही. तरी माझ्या मते चित्रपट तोलून धरते ती गौरीनं उभी केलेली जिजाई. घरात दाणा नाही, नवरा विठ्ठलाच्या नादात, पोरगं तापानं फणफणलेलं. ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबावर धावून जाते. या प्रसंगात थिल्लरपणा नावालाही नाही. जिच्या लेखी देव खोटाच आहे, ती त्याच्यावर वहाण कशाला उगारेल? तिचं हे भांडण मला तुकोबांच्या भजनाइतकंच देवाजवळचं वाटतं. तुकोबाही तिला कधी हिणवत नाहीत.

शेवटी वैकुंठाला न्यायला विमान येतं. तुकोबा तिलाही चल म्हणतात. तिच्यामागे पोरांचं करायचं असतं, ती जात नाही. दिग्दर्शकांनी तिला दोषी ठरवलेलं नाही, शेवटी तिचं मन पालटलेलंही दाखवलेलं नाही. विमान निघून जातं, आणि घर सांभाळणारी ही बाई आपल्या जागी ठाम राहते.

आज भक्तिपर मालिका लिहिणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे: तुमच्या जिजाईला शेवटच्या भागात हात जोडायला लावू नका. तिला भांडू द्या. आणि श्रोतेहो, तुम्ही ‘संत तुकाराम’ पुन्हा बघाल तेव्हा तुकोबा अभंग म्हणत असताना एकदा जिजाईच्या चेहऱ्याकडे बघा. ती ऐकत असते.