खाडीचा बांध आणि तिवरांची फळी

नमस्कार, श्रोतेहो. खाडीचा काठ खचायला लागला की आपण लगेच दगडी बंधारा मागतो. आज मी बोलणार आहे तो उपाय निसर्गानेच तिथे उभा केलेला आहे. तिवरं, कांदळ, चिप्पी ही खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, म्हणजेच आपलं कांदळवन.

आमच्या आत्याचं शेत खाजणात. अलीकडे भात, मधे मातीचा बांध, पलीकडे खाडी आणि बांधाला लागून तिवरांची दाट रांग. एका साली होड्या लावायला जागा होईल, सरपणही मिळेल, म्हणून वाडीने तिवरं तोडायला घेतली. आत्याच्या हद्दीशी आले, तशी ती बांधावर जाऊन उभीच राहिली. "माझ्या बांधासमोर कोयता चालवायचा नाही!" आत्यापुढे कोण बोलणार? तेवढी राहिली.

श्रावणातल्या अमावास्येचं उधाण आणि वरून मुसळधार पाऊस. रात्री हाकाटी झाली, "खांड पडली!" झावळ्या, पेंढा, चिखलाचे गोळे, हाताला येईल ते माणसं टाकत होती. श्रोतेहो, तिवरं तोडली होती, नेमका तिथेच बांध फुटला. खारं पाणी भातात शिरलं. आत्याच्या बांधासमोर मात्र लाट तिवरांतच मोडत होती. पुढच्या साली तीच माणसं कांदळाच्या शेंगा चिखलात रोवत होती, आणि आत्या बांधावरून ओरडत होती, "शेंडा वर ठेवा रे!"

तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात. ती लाटेचा जोर मोडतात, गाळ धरतात. त्यांच्यात कोळंबी, खेकडे वाढतात. पान उलटं करून जिभेला लावा, खारट लागेल. झाडाने बाहेर टाकलेलं मीठ आहे ते. शाळांच्या सहली वॉटर पार्कला का जातात, मला कळत नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात, तिथे न्या की मुलांना!

2012 पासून राज्यात कांदळवनं राखायला वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे. 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष ठरली. नवी रोपं जरूर लावा, पण पूर्वी कांदळवन होतं तिथेच. प्रत्येक मोकळा चिखल रिकामा नसतो, पक्षी तिथे चरतात. आणि पुन्हा सांगते, आधी आहेत ती राखा. तोड किंवा भराव दिसला, तर फोटो काढा, जागा नीट लिहा, वनखात्याकडे किंवा तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.